शेकरमध्ये काय भरायचं? फोंड्याच्या एका व्यायामशाळेच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

काल संध्याकाळच्या बैठकीत सगळ्यांसाठी प्रथिनांची पावडर निवडून एकत्र आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच की मी कुंडईला औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, म्हणजे 'तुला पावडरीतलं कळतं'. सभासद बावन्न. त्यातले वीसेक जण काही ना काही पितात. प्रत्येकाचा डबा वेगळा, प्रत्येकाचा दुकानदार वेगळा. खजिनदारकाकांचं म्हणणं, एकत्र घेतलं तर स्वस्त पडेल, आणि कोण काय ढोसतो ते आपल्याला कळेल तरी. वर्गणी अठरा हजारांच्या आसपास जमेल. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी पहिला लॉट कपाटात लागला पाहिजे.

पोरांचा प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवतो: "दादा, व्यायाम चालू असताना प्यायला कुठलं चांगलं? बीसीएए, ईएए का व्हे?" बीसीएए आणि ईएए म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांच्या पावडरी, व्हे म्हणजे दुधातल्या एका प्रथिनाची. प्यावं की नाही, हा पर्याय प्रश्नात कुठेच नाही.

५ जून, गुरुवार

व्यायाम झाल्यावर सगळ्यांना आपापले डबे बाकावर मांडायला लावले. अकरा निघाले. चार व्हे, चार बीसीएए, एक ईएए, एक प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची पावडर), आणि एक गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पिवळट पावडर. नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही. "ओळखीच्या माणसाकडची आहे, किलोला नऊशे." तिच्यातली दोन चमचे पावडर मी पुडीत बांधून घेतली.

बीसीएए म्हणजे ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं, बहुतेक डब्यांत २:१:१ या प्रमाणात. शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, खाण्यातूनच घ्यावी लागतात अशी अमिनो आम्लं नऊ. ही तीन त्यांतलीच. उरलेली सहा म्हणजे लायसिन, मेथिओनिन, फिनाइलअॅलनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि हिस्टिडिन. ईएएच्या डब्यात नऊच्या नऊ असायला हवीत. बाकावरच्या डब्यावर नऊ नावं होती, पण वजन सगळ्यांचं मिळून एकच दिलेलं. अशा लेबलवर ट्रिप्टोफॅन चिमूटभर टाकलं तरी नाव छापता येतं.

सगळ्यात धाकटा म्हणाला, "पण मुख्य ती तीनच ना?" त्याच्या घराचं बांधकाम चालू आहे, म्हणून त्याच्याच भाषेत सांगितलं. ल्युसीन हा मुकादम. स्नायूच्या पेशीत बांधकाम सुरू करणारा एमटॉर नावाचा खटका असतो, तो ल्युसीनमुळे दाबला जातो, हे खरं आहे. मुकादमाने हाक मारली, "चला, भिंत घ्या." पण चिरे, सिमेंट, रेती जागेवर नसेल तर तो करणार काय? फार तर आपल्याच कुंपणाचे चिरे उपसून आणील. शरीरही तेच करतं. स्वतःचंच प्रथिन मोडून उरलेली सहा काढतं.

"आमचा मुकादम खरंच तसं करतो," पोर म्हणाला.

८ जून, रविवार

नऊ जणांकडून तीन-तीन दिवसांचं खाणं लिहून घेतलं. एकाचं इथे उतरवतो, बाकीचे थोड्याफार फरकाने असेच. वय २३, वजन ६४ किलो, मडकईच्या वसाहतीत कामाला. सकाळी दोन पाव, पातळ भाजी, चहा. दुपारच्या डब्यात भात, वरण, बटाट्याच्या फोडी. चारला चहा-बिस्किटं. व्यायामाआधी केळं. रात्री परत भात आणि सुक्या सुंगटांची किसमूर. ताजी मासळी नाहीच. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, आणि जी थोडी येते तिचा भाव ऐकून बायामाणसंसुद्धा पुढे सरकतात.

बेरीज ४८ ग्रॅम प्रथिनं. आयसीएमआर-एनआयएनने (राष्ट्रीय पोषण संस्थेने) २०२० मध्ये सर्वसाधारण माणसासाठी दिलेलं प्रमाण रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे याला ५३. तेवढंही भरत नाही. वजनं उचलणाऱ्यासाठी किलोमागे १.६ धरलं तर १०२.

आणि हाच पोर महिन्याला तेराशे रुपयांचं निळं बीसीएए पितो. मी बोललो काही नाही. वही मिटली.

१३ जून, शुक्रवार

रजा होती. बाजारात जाऊन भाव घेतले आणि एका ग्रॅम प्रथिनाला किती पैसे पडतात ते काढलं. सोयाच्या वड्या सगळ्यात स्वस्त: शंभर ग्रॅममध्ये ५२ ग्रॅम, किलो दीडशेला, म्हणजे ग्रॅमला २९ पैसे. चणे ५० पैसे. अंडं सात रुपयांचं, त्यात सहा ग्रॅम, म्हणजे १ रुपया १७ पैसे. दूध १ रुपया ९० पैशांच्या आत-बाहेर. व्हेचा एक किलोचा डबा २,४०० रुपयांना, ३३ ग्रॅमचे तीस स्कूप, प्रत्येकात २४ ग्रॅम प्रथिन: ३ रुपये ३३ पैसे. बीसीएएचा डबा तेराशेला, तीस स्कूप, प्रत्येकी ७ ग्रॅम अमिनो आम्लं: ६ रुपये १९ पैसे. तेही नवापैकी तिनांचे.

कडधान्यांच्या बाबतीत एक टीप. चण्यात मेथिओनिन कमी, भातात लायसिन कमी. एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आज्जीने हे कुठल्याही लेबलवर न वाचता केलं. अडचण प्रमाणाची आहे. ताटात भाताचा डोंगर आणि आळशान्यांचे चार दाणे.

व्हेच्या डब्यावर '५.५ ग्रॅम बीसीएए' असं मोठ्या अक्षरांत असतं. पोरांना वाटतं ते वरून घातलंय. व्हे प्रथिनाचा साधारण पाव हिस्सा मुळात बीसीएएच असतो. म्हणजे जो व्हे पितो आणि वर बीसीएएही पितो, तो एकाच मालाचे पैसे दोनदा देतो. असे आमच्याकडे तिघे आहेत.

२१ जून, शनिवार

आजचा दिवस मजेत गेला. कारखान्यातलं यंत्र खाजगी नमुन्यासाठी वापरता येत नाही, आणि मी वापरणारही नाही. पण उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवणारे मास्तर आमच्या सकाळच्या बॅचला येतात. दुपारी प्रयोगशाळा मोकळी होती.

आधी हे का करायचं ते लिहितो. प्रथिनं मोजण्याची जगभर रूढ असलेली पद्धत केल्डालची, १८८३ सालची. नमुना सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचा (दुधाच्या पदार्थांना ६.३८). मोजला जातो नायट्रोजन. प्रथिन नुसतं धरून चाललेलं असतं. इथेच चोरवाट आहे. ग्लायसिन हे स्वस्तातलं अमिनो आम्ल. त्याच्या वजनाच्या १८.७ टक्के नायट्रोजन, गुणिले ६.२५, म्हणजे एक ग्रॅम ग्लायसिन टाकलं की कागदावर १.१७ ग्रॅम प्रथिन उमटतं. टॉरिनचाही उपयोग असाच करतात. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दुधात मेलामाइन घातलं गेलं तेही या मोजणीला फसवण्यासाठीच.

बाययुरेट चाचणी मात्र प्रथिनाच्या साखळीतले जोड पकडते. सुटी अमिनो आम्लं तिला जांभळा रंग देत नाहीत. मास्तरांनी पाच परीक्षानळ्या लावल्या: अंड्याचा पांढरा बलक, आमच्यातल्या एकाचं व्हे, बिनरंगाचं बीसीएए, पिशवीतली पावडर, साधं पाणी. प्रत्येकीत कॉस्टिक सोडा, मग मोरचुदाचं पातळ पाणी थेंब थेंब. अंडं जांभळं झालं. व्हे जांभळं झालं. बीसीएए गडद निळं, पण निळंच; कितीही वेळ उजेडात धरून पाहिलं तरी जांभळी छटा नाही. हे अपेक्षितच होतं, त्यात बीसीएएवाल्याची फसवणूक नाही. पण साखळी नसलेला माल म्हणजे काय, ते दोन पोरांनी डोळ्यांनी पाहिलं, त्याला मोल आहे.

पिशवीतली पावडर फिकट जांभळी. मास्तर म्हणाले, "आता गंमत बघ." चिमूटभर पाण्यात उकळून गार केली आणि टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब. नळी काळीनिळी झाली, थेट तांदळाच्या पिठासारखी. शेजारी तांदळाच्या पिठाची नळी ठेवलीच होती. दोन्हींत डावं-उजवं करता येईना.

पीठ किती, प्रथिन किती, हे या चाचणीने सांगता येत नाही. पण किलोला नऊशे मोजणाऱ्याला तेवढं सांगायची गरज पडली नाही. तो बराच वेळ नळीकडे बघत होता. मग म्हणाला, "आंबोळ्यांना चालेल का?"

२४ जून, मंगळवार

सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. सात जण आले, दोघांच्या डोक्याला पानांच्या कोपेली (मुकुट) तशाच. नोंद नाही.

२९ जून, रविवार

दिवसभर पाऊस, दिवसभर वाचन. कामाचं तेवढं इथे.

बीसीएएवर रॉबर्ट वुल्फ यांचा २०१७ चा आढावा आहे. नुसत्या बीसीएएने माणसात स्नायू वाढतात या दाव्यामागे काय पुरावा आहे, हे त्यांनी शोधलं. हाती आले ते शिरेतून बीसीएए दिलेले दोनच प्रयोग, आणि दोन्हींत स्नायूंची मोडतोड कमी झाली तशी बांधणीही कमीच झाली. चिरे नसलेला मुकादम.

दुसरं, २०१८ चं एकत्रित विश्लेषण: ४९ अभ्यास, १,८६३ माणसं. वजनांच्या व्यायामाबरोबर प्रथिनं वाढवली की फायदा होतो, पण दिवसाला किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंत भर पडताना दिसत नाही. खरी मेहनत व्यायामाची. प्रथिनाचा वाटा त्यावर थोडासा. दिवसाची बेरीज जमली की नेमक्या कुठल्या मिनिटाला प्यायलं याने फारसा फरक पडत नाही.

तिसरं आपल्याकडचं. २०२४ मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पावडरींची तपासणी छापून आली. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली.

म्हणजे पोरांचा प्रश्नच मला उलटा करावा लागणार. तासभराच्या व्यायामात शेकरमध्ये काय आहे यावर फार थोडं अवलंबून आहे. अपवाद मला एकच दिसतो: सकाळी सहाची बॅच. ती रात्री नऊला जेवून रिकाम्या पोटी येते आणि इथून थेट कामाला पळते. दहाच्या आत पोटात काही जात नाही. त्यांनी आधी किंवा लगेच नंतर वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिन घेतलं तर अर्थ आहे. ज्याला व्हे चालतच नाही त्याने ईएए. संध्याकाळच्या बॅचने चार वाजता दोन उकडलेली अंडी खाऊन यावं.

६ जुलै, रविवार

आषाढी. व्यायामशाळेत सगळे उपाशी किंवा साबुदाणा खाऊन. साबुदाण्यात प्रथिन जवळपास शून्य. शेंगदाण्याच्या कुटाने लाज राखली.

११ जुलै, शुक्रवार

व्यायाम चालू असताना अंगातून जातं काय, हे मोजायचं ठरवलं. पाच जणांना फक्त चड्डीवर, अंग पुसून, आधी आणि नंतर वजनकाट्यावर उभं केलं. बाटल्याही मोजून भरल्या. खोलीत २९ अंश, आर्द्रता ९१ टक्के. यंत्र मी मित्राकडून मागून आणलं होतं. या हवेत घाम सुकत नाही, नुसता ठिबकतो. सुकला नाही की अंग थंड होत नाही, मग शरीर आणखी घाम काढतं.

एकाचं वजन ७०.४ वरून ६९.५ झालं, वर अर्धा लिटर पाणी प्यायला होता. म्हणजे सव्वा तासात १.४ लिटर घाम. बाकीचे एक ते सव्वा लिटर. लिटरभर घामात सोडियम माणसागणिक कमी-जास्त, ढोबळमानाने एक ग्रॅम धरतात.

मग शेकरमध्ये जागा आहे ती पाण्याला आणि मिठाला. यासाठी गुलाबी पावडर कशाला? आमच्या घरी सोलांचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस आहे. पाऊण लिटर पाण्यात दोन चमचे आगळ; आगळात मीठ आधीच असतं, वरून घालायचं नाही (पहिल्या बाटलीत मी घातलं, ती ओतून द्यावी लागली). साखर वजनं उचलणाऱ्यांना नको. फुटबॉलची पोरं दीड-दोन तास पळतात, त्यांना तासाला तीसेक ग्रॅम साखर चालेल, उपयोगीही पडेल.

ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे ते दोन काका यातून वगळले. त्यांनी साधं पाणी प्यावं, मीठ-बीठ डॉक्टरांना विचारून.

१३ जुलै, रविवार

लेग डे. भोमच्या पोराने कोणाचं तरी ऐकून स्क्वाटच्या सेटमध्ये व्हे घ्यायचं ठरवलं. अर्धा लिटर दूध, दोन स्कूप, एक केळं, सगळं घुसळून. तिसऱ्या सेटनंतर तो रॅकला बार लावून सरळ मागच्या दाराने बाहेर गेला. आम्ही आवाज ऐकला.

जड व्यायामात रक्त पायांकडे वळतं, पोटाकडे कमी जातं. पोट सावकाश रिकामं होतं. त्यात दुधातलं केसिन पोटातल्या आम्लात दह्यासारखं थिजतं. दुधाच्या प्रथिनातलं ऐंशी टक्के तेच, व्हे वीस टक्के. पाण्यातलं व्हे एक वेळ उतरलं असतं, पण हे जेवण होतं. मागची पायरी मी धुतली, पावसाने हातभार लावला. पोर दहा मिनिटांनी येऊन म्हणतो, "दादा, चौथा सेट करू?"

१७ जुलै, गुरुवार

ही नोंद माझ्या मूर्खपणाची आहे.

दोन वर्षं मी कॉन्सन्ट्रेटला (साध्या व्हेला) शिव्या घालून आयसोलेट (जास्त शुद्ध केलेलं व्हे) घेतोय, दीडपट पैसे मोजून. कारण कॉन्सन्ट्रेटने पोट फुगायचं. रात्रपाळीत तर माझ्याजवळ कोणी उभं राहायचं नाही. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, दुसरं काय, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आलो. आज गणित मांडलं. ३३ ग्रॅमच्या स्कूपमधलं कॉन्सन्ट्रेट जेमतेम दोन ग्रॅम लॅक्टोज देतं. आणि मी ते मिसळत होतो चारशे मिली दुधात, ज्यात लॅक्टोज एकोणीस ग्रॅम! आयसोलेट घ्यायला लागलो तेव्हाच डाएट म्हणून दूध बंद करून पाण्यावर आलो होतो. पोट सुधारलं आणि श्रेय डब्याने खाल्लं.

सलग चार दिवस स्वस्तातलं कॉन्सन्ट्रेट पाण्यातून घेतलं. काही झालं नाही. बायकोने दोनदा खातरजमा केली.

त्याच ओघात स्कूपही काट्यावर घातले. लेबलवर ३३ ग्रॅम. हलक्या हाताने भरलेला सपाट स्कूप ३१, डब्यात दाबून काढलेला ३८, आणि आमच्या ट्रेनर भाईचा 'एक स्कूप' ४६. पावसाळ्यात पावडर ओल धरते आणि घट्ट बसते, हा मुद्दा वेगळाच. कपाटात एक छोटा काटा हवा.

२० जुलै, रविवार

बैठक. दोन तास.

खजिनदारकाकांनी आयसीएमआर-एनआयएनची मे २०२४ ची आहार मार्गदर्शक तत्त्वं आणली होती, पानाला खूण घालून. त्यांत प्रथिन पावडरी टाळा असं स्पष्ट आहे. पावडरींत घातलेली साखर आणि गोडवा आणणारी द्रव्यं यांवर बोट ठेवलंय, आणि साध्या जेवणातून गरज भागते असं म्हटलंय. काकांचा प्रश्न रास्त होता: "सरकारी संस्था नको म्हणते, मग आपण वर्गणी काढून कशाला आणायचं?"

मी आठ जूनची वही पुढे केली. जेवणातून भागू शकतं हे मला मान्य आहे. पण नवातल्या सात जणांचं आज भागत नाही, मासळी बंद आहे आणि पुढे श्रावण येतोय. म्हणून आधी ताट, मग डबा. ज्याने महिनाभर खाणं लिहून आणलं आणि तरी उणीव दिसली, त्यालाच दिवसाला एक स्कूप. अठराच्या खालच्यांना नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही. बीसीएए समितीतर्फे अजिबात नाही.

ट्रेनर भाईला शेवटचं रुचलं नाही. "बीसीएए घेतलं की पोरांना दम टिकतो, मी स्वतः बघितलंय." मी म्हटलं, भाई, पोरं त्या निमित्ताने अर्धा लिटर पाणी पितात, दम त्याने टिकत असेल. भाईचं एका दुकानाशी जमलेलं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते कोणी काढलं नाही. तो माणूस पहाटे साडेपाचला येऊन शटर उघडतो, पाऊस असो वा नसो. तेवढा मान राखायला हवा.

क्रिएटिन या दुसऱ्या एका पावडरीचं विचारलं गेलं. रोज तीन ते पाच ग्रॅम, केव्हाही. पुरावा भक्कम आहे, पण तो विषय वेगळा, पुढच्या वेळी. प्री-वर्कआउटवर मी एवढंच म्हणालो की त्यात कॅफिन किती मिलिग्रॅम ते वाचून मगच रात्री आठला घ्या.

ठराव पास. काकांनी सही करताना मला परत विचारलं, "म्हणजे नाचण्याच्या सत्त्वाने होणार नाही?" नाही होणार, काका.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. बहुतेकांची घरं महिनाभर शिवराक (शाकाहारी). पहिल्या तारखेला ट्रॉलर निघतील, बांगडे येतील आणि आमची पोरं त्यांच्याकडे नुसती बघतील.

वहिनींकडून मुगागाठीचं प्रमाण लिहून घेतलं. चार माणसांना त्या वाटीभर मोड आलेले मूग घालतात. दोन वाट्या घातले तर प्रत्येकाला प्रथिन जास्त मिळतं आणि नारळ तेवढाच लागतो. हे ज्या दोन घरांत झालं तिथे कुरकुर नाही. तिसऱ्या घरी सासूबाई म्हणाल्या, व्यायामशाळेने आमच्या रांधपात लक्ष घालू नये.

३ ऑगस्ट, रविवार

खरेदी. निकष एका चिटोऱ्यावर होते आणि ते चिटोरं खिशात भिजलं, म्हणून इथे परत लिहितो. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना क्रमांक. बॅच आणि तारीख. बाहेरचा माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता. घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन नको. प्रत्येक अमिनो आम्लाचं वजन सुटं दिलेलं हवं, आणि एका स्कूपात ल्युसीन अडीच ग्रॅमच्या आसपास. २४ ग्रॅम खऱ्या व्हेत साधारण तेवढं भरतंच. त्याहून बरंच कमी असेल तर २४ या आकड्यावर माझा विश्वास नाही. बरंच जास्त असेल तर वरून ल्युसीन घातलंय का ते बघावं.

पणजीतल्या एका दुकानात भाव फारच चांगला मिळाला. डबा हातात घेतला तर झाकणाखालची पन्नी एका कडेने पुन्हा चिकटवल्यासारखी, आणि खातरजमेचा खरवडायचा कोड आधीच खरवडलेला. दुकानदार म्हणाला, "डेमोसाठी उघडला असेल." दुसरा डबा मागितला, त्याचाही कोड डेमोला गेलेला. बाहेर आलो.

शेवटी कॉन्सन्ट्रेट, बिनस्वादाचं, अधिकृत वितरकाकडून बिलासह: सहा किलो, किलोला २,२५०, एकूण १३,५००. काटा ६५०. घट्ट झाकणाचे डबे १,२००. सोलांच्या आगळाच्या सहा बाटल्या ९००. वर्गणी १७,४०० जमली होती. शिल्लक १,१५०, ती काकांकडे.

बिनस्वादाचं घेतल्याबद्दल पोरं नाराज आहेत. चॉकलेट हवं होतं. चॉकलेटचं वजनही त्या ३३ ग्रॅमांतच धरलेलं असतं, असं सांगितलं. पटलेलं दिसलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आमची एक मुलगी राज्य पातळीवर वेटलिफ्टिंग करते. तिला समितीच्या डब्यातलं काही द्यायचं नाही, असं मी तिच्या बाबांना घरी जाऊन सांगितलं. व्हेवर बंदी नाही. बीसीएए, क्रिएटिनवरही नाही. पण पावडरीत कारखान्यात दुसऱ्याच कशाचा अंश मिसळला आणि नाडाच्या (उत्तेजकविरोधी संस्थेच्या) तपासणीत सापडला तर 'मला माहीत नव्हतं' ही सबब चालत नाही. शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. तिने घ्यायचंच तर 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारखी बॅचवार तपासणी झालेलं, आणि त्या बॅचचा क्रमांक जुळवून. आमच्या लॉटला तसला शिक्का नाही. बाबा म्हणाले, "अंडी चालतील ना?" रोज चार सांगितली.

१७ ऑगस्ट, रविवार

लॉट आला. मोठ्या पिशवीतून छोट्या डब्यांत भरताना नियम केला: कोरडा हात, कोरडा स्कूप, स्कूप डब्यात ठेवायचा नाही. सिलिका जेलच्या पुड्या मी आणल्या. काकांनी एका डब्यात सवयीने तांदूळ बांधून ठेवले, ते काढले. आयोडीनची नळी अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

पहिल्याच दिवशी एकाने वाफाळत्या चहात स्कूप घातला. व्हे तापलं की अंड्यासारखं गोठतं. चहात पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागल्या, आणि माल खराब आहे अशी बोंब झाली. खराब नाही, पचायलाही काही अडत नाही, असं म्हणून मी तो कप पिऊन दाखवला. चव लिहिण्यासारखी नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या चवथ. हॉल गणपतीला द्यायचा आहे, त्यामुळे सकाळी रॅक भिंतीला लावले आणि कपाट आतल्या खोलीत हलवलं. माटोळीचं सामान डंबेलांच्या शेजारी रचलंय.

नोंदवहीत आज चौदा नावं. जूनमधल्या ६४ किलोवाल्याचं खाणं परत लिहून घेतलं: ४८ चे ९१ झाले. दोन अंडी, एक स्कूप, मुगागाठी. श्रावण शनिवारीच संपला म्हणून अंडी. वजन ६४.८, एवढ्यावरून मी काही म्हणणार नाही, पाणीही असेल. शेकरमध्ये त्याच्या आता सोलांचं पाणी असतं.

त्याचा निळा डबा अर्धा उरलाय, कपाट हलवताना वरच सापडला. आत सगळा एकच गोळा झालाय, उपडा केला तरी हलत नाही. नेतोस का विचारलं तर म्हणाला, चवथीनंतर बघू. तूर्त तो खोलीच्या दाराला अडण म्हणून लावलाय.